डाव्या कोपऱ्याचा दात

बकेटचा दात पडलेला पहिल्यांदा दिसला तो माझ्या भावाला. उन्हाळ्याचे दिवस होते आणि आमची छोटी पोकलेन कोंढ्याकडच्या एका तलावातला गाळ काढत होती. तलाव माझ्या माहेरचा. माझे वडील, काका आणि आता भाऊ, सगळे त्यातच मासे धरत आले. पाणी आटून मधल्या खोलगट जागेत तेवढं उरलं होतं, बाकी सगळा भेगाळलेला काळा गाळ. भाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून ट्रॉल्या भरताना बघत होता. तो खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बाई, तुमच्या मशीनले दात किती असतात?”

“चार.”

“मले तर तीनच दिसून राहिले.”

मी हात वर केला तशी मशीन थांबली. बकेट जमिनीवर टेकवून घेतली, चिखल खरवडला, तर खरंच डाव्या कोपऱ्याचा दात नव्हता. ज्या ठोकळ्यावर दात बसतो तो ठोकळा उघडा पडला होता आणि घासून चकचकीत झाला होता. म्हणजे दात नुकताच पडलेला नव्हता. बराच वेळ मशीन तशीच खोदत होती.

मशीन चालवत होते ते माझे मालक. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मोठ्या पोकलेनवर काढली, कालव्यांच्या कामावर. मग ही छोटी, जुनीच, स्वतःची घेतली. शेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, खोदायच्या, नाल्या काढायच्या, पाइपलाइनचे चर मारायचे, अशी कामं. आधी सोबत एक हेल्पर होता. तो कंपनीच्या नोकरीवर पुण्याकडे निघून गेला आणि दुसरा कोणी मिळेना, म्हणून मी जायला लागले. ग्रीस मारणं, डिझेल भरणं, दात धरून ठेवणाऱ्या पिना तपासणं, बकेटमधला चिकट गाळ फावड्यानं काढणं, हे सगळं मी शिकले. आमच्या अड्याळला लोक आधी बघत राहायचे. मग त्यांना सवय झाली.

तर पिना तपासायचं काम माझं होतं, आणि सकाळी मी त्या तपासल्या होत्या. दात वाळल्या गाळानं माखलेले होते, पण डाव्या कोपऱ्याची पिन मी हातोडीनं ठोकून पाहिली होती. ती पक्की होती. दुपारी दात नाही. हे कसं झालं ते मला कळेना.

भावाची काळजी वेगळीच होती. तो म्हणाला, “बाई, पावसात तलाव भरला का आम्ही पायानं चाचपतच चालतो. तो दात गाळात उभा राहिला तं कोणाचा पाय फाडंन.”

आमच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. काम थांबलं. भाऊ, त्याच्या सोबतचे दोघे-तिघे आणि मी, आम्ही बांबूच्या काठ्या खुपसत खोदलेला सगळा भाग धुंडाळला. हे केबिनमधून उतरून पाळीच्या सावलीत बसले होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मले कसं नाही समजलं? दात पडला का हाताले समजते.”

दात तलावात नव्हताच. गाळासोबत ट्रॉलीत गेला होता. ज्याच्या धानाच्या बांधीत ती ट्रॉली रिकामी झाली त्या शेतकऱ्याला तो ढेकळात सापडला आणि त्यानं आणून दिला. मी हातात घेतला तेव्हा वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा लागला. टोक नावाला नव्हतं. बाकीचे तीन दात मात्र चांगले बोटभर टोकदार होते. चारही एकाच दिवशी बसवले होते आणि एकाच मातीत चालले होते.

बकेट खोलून ट्रॉलीत टाकली आणि अड्याळच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो आमच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो. त्यानं नवा दात ठोकळ्यावर चढवून पाहिला तर तो सैल झालेल्या बांगडीसारखा फिरत होता. ठोकळाच झिजला होता. त्यानं सांगितलं की आता ठोकळ्यावर वेल्डिंगचा रॉड मारून भर द्यावी लागेल आणि ग्राइंडरनं घासून पुन्हा आकारात आणावा लागेल, नाहीतर नवा दातही पिन तोडून जाईल.

ते काम मी बसून पाहिलं. आधी त्यानं गॅसच्या ज्योतीनं बकेटची धार तापवली. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून जाईल इतकी. थंड लोखंडावर मारलेलं वेल्डिंग तडकतं म्हणे. मग थरावर थर भर दिली, मध्येच दात चढवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचं. शेवटी दात असा बसला की हातोडीनं ठोकूनच आत गेला. सगळं झाल्यावर त्यानं ती गरम धार राइस मिलमधल्या कोंड्याच्या राखेनं झाकून टाकली, हळूहळू थंड व्हावी म्हणून.

“पिन हलकी होती,” तो म्हणाला. “बजारात आता असाच माल येऊन राहिला.”

“पिन मी सोता आणली भंडाऱ्याहून,” हे म्हणाले. “चारही एकाच पुड्यातल्या.”

“मंग ते मले नाही सांगता येत, भाऊ.”

पुन्हा तलावात गेलो, काम पूर्ण केलं. पण थोड्याच दिवसांत मी पाहिलं तर मधल्या दोन जुन्या दातांच्या मुळाशी असलेला पिवळा रंगही पूर्ण गेलेला नव्हता, आणि डाव्या कोपऱ्याचा नवा दात अर्धा झाला होता. मी यांना दाखवलं. ते वाकून कितीतरी वेळ पाहत बसले.

“हे उजव्या बाजूले झालं असतं तं मले समजलं असतं,” ते म्हणाले. या छोट्या मशीनमध्ये केबिन डावीकडे असते आणि बकेटचा लांब हात उजवीकडे, त्यामुळे उजवा कोपरा त्या हाताआड जातो. नवीन ऑपरेटर तिकडेच आपटतात. “डावा तं माह्या डोळ्यासमोर असते. तो कायले झिजंन?”

सुट्या भागांच्या दुकानदारानं सांगितलं, दात नरम लागला असेल, कधी कधी निघतो एखादा. आम्ही दुसरा दात घेतला. मी म्हटलं, यावेळी उजवीकडचा दात डावीकडे लावा आणि नवा उजवीकडे, म्हणजे कळेल दोष दाताचा की जागेचा. तसं केलं. उजवीकडे ज्याला काही झालं नव्हतं तोच दात डावीकडे येताच झिजायला लागला. मग दोष जागेचा, पण म्हणजे काय? माती तर बकेटच्या पूर्ण तोंडानं आत येते. ती डावीकडून वेगळी आणि उजवीकडून वेगळी कशी असेल? ज्याला विचारावं तो काहीतरी वेगळंच सांगायचा, आणि प्रत्येकाचं ऐकताना पटायचं. एक म्हणाला मुरमात दगड आहे. एक म्हणाला डावीकडे वळताना मशीन जास्त वळते. मी कोणाचं धरावं?

यांचा स्वभाव चिडका नाही. पण त्या दिवसांत चिडायला लागले. मी काही विचारलं की म्हणायचे, “तुले काय वाटते, मले मशीन नाही चालवता येत?” मला तसं वाटत नव्हतं. यांचा हात असा होता की बांधाच्या कडेला लावलेली तुरीची झाडं न मोडता नाली काढायचे. लोक मुद्दाम बघायला थांबायचे.

घरीही काही ना काही होत होतं, पण ते या दाताशी जोडावं असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. जेवताना पाण्याचा गिलास लवंडायचा. मी म्हणायचे बघून हात ठेवा, ते म्हणायचे तू गिलास ठेवतेसच कशाला आडवा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. एकदा रस्त्यात माझा भाऊ यांच्या बाजूनंच सायकलीवरून गेला, यांनी त्याला ओळखच दिली नाही. भाऊ संध्याकाळी घरी येऊन मला विचारत बसला की भाऊजी कोणत्या गोष्टीवरून रागावले. मी यांना विचारलं तर म्हणाले, मला तो भेटलाच नाही. आता दोघेही खोटं बोलणारे नाहीत.

मग भंडाऱ्याकडच्या शहापूरचं काम आलं. एका घराच्या मागून सांडपाण्याच्या पाइपसाठी चर काढायचा होता, कुंपणाच्या बुटक्या भिंतीला अगदी लागून. जागा अरुंद. अशा वेळी मी खाली उभी राहून हातानं इशारा देते, भिंत किती राहिली ते. मी डावीकडे, भिंतीच्या बाजूला उभी होते, जिथे नेहमी उभी राहते तिथेच. यांनी बकेट भरली, उचलली आणि माती टाकायला वळवली. उजवीकडे वळवायचं ठरलं होतं. ती डावीकडे माझ्या अंगावर आली.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. मागे सरकायला भिंत होती, म्हणून खाली बसले आणि चरात घसरले. बकेट माझ्या डोक्यावरून गेली. ओली माती पदरावर पडली. घरमालकीण मागच्या दारात उभी होती, ती धावत आली.

हे खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते जे बोलले त्यानं मी आणखीच गोंधळले.

“तू तठी नव्हती,” ते म्हणाले. “मी पाह्यलं होतं. उजवीकडे त्यांची पाण्याची टाकी होती म्हणून डावीकडे घेतली, भिंतीपलीकडं टाकाले. डावीकडे कोणीच नव्हतं.”

“मी तिथंच होते. हात हलवत होते.”

“नव्हती वं तू. असती तं मले दिसली असती.”

घरमालकीण म्हणाली, “होत्या न त्या. मी पाहून राहिली होती.”

यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. इतका खात्रीचा होता की परत येताना मलाच वाटायला लागलं, मी खरंच तिथे होते ना? की पाइप बघायला पुढे गेले होते आणि त्याच क्षणी परत आले? माझ्या पायाचे ठसे चिखलात होते. ते मी पाहिले होते. तरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काम बंद होतं. हे ओसरीत खाटेवर बसले होते. मी तांदूळ निवडत त्यांच्या डावीकडे बसले होते आणि ते इकडे तिकडे पाहत मला हाक मारत होते. मी आतून पळी आणली आणि त्यांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, माझ्या नाकाकडे पाहा, मान हलवू नका, पळी दिसली की सांगा. ते म्हणाले, हा काय पोरखेळ. पण पाहिलं. त्यांच्या उजवीकडून पळी आणली तर कानाच्या रेषेत असतानाच म्हणाले, दिसली. डावीकडून आणली, आणत राहिले, आणत राहिले. माझ्या गालाजवळ आली तेव्हा म्हणाले, “हं. आता.”

“आता?”

“आताच तं आणली न तू.”

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी माझ्या हातातून पळी घेतली आणि स्वतःच्या हातानं डावीकडून समोर आणली. आपला हात कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, पण तो दिसत नव्हता. कितीतरी वेळ ते पळी पुढे-मागे करत बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम सगळं बसलं. गिलास, चौकट, भाऊ, शहापूरची भिंत आणि तो दात. डावी बाजू दिसत नाही, म्हणून बकेटचा डावा कोपरा दगडावर, पाळीच्या दगडी पिचिंगवर आपटतो, घासतो. इतक्या दिवसांचा गुंता सुटला असं वाटलं.

भंडाऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एका यंत्रात तोंड घालून बसायचं आणि आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. हे बसले. सुरुवातीला बटणाचा आवाज येत होता, मग बराच वेळ येईना. हे यंत्रातून तोंड काढून त्या तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, “मॅडम, तुमची मशीन बंद पडली वाटते. ठिपके येऊन नाही राहिले.” ती म्हणाली, “येत आहेत, काका. बसा तसेच.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, डाव्याला जास्त. कडेची नजर आधी जाते, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. उरलेलं राखायचं असेल तर थेंब रोज, न चुकता, आयुष्यभर. आणि मशीन चालवायची नाही.

“म्हणूनच दात झिजत होता,” मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दाताचा याच्याशी संबंध नाही. दात दुखत असेल तर खाली दाखवा.”

मी समजावून सांगायला गेले, पण बाहेर रांग होती.

यांनी मशीन सोडली. भांडले नाहीत, रडले नाहीत. किल्ली खिळ्याला अडकवली आणि चार-सहा दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पवनीकडचा एक ऑपरेटर ठेवला, तिशीतला, बायकापोरांचा, शांत माणूस. बकेटला डावीकडे पुन्हा नवा दात बसवून घेतला. मनातून मला पक्कं माहीत होतं की आता हा दात टिकणार. वाईट वाटत होतं, पण निदान कारण तरी कळलं होतं.

धानाची रोवणी आटोपल्यावर एका बांधाच्या कामावर ऑपरेटरनं मला हाक मारली. “काकू, डाव्या साइडचा दात हलून राहिला.”

मी गेले. दात हलत होता आणि झिजला होता. बाकीचे तीन ठीक.

मी त्याला विचारलं, “तुम्हाला डावीकडचं नीट दिसतं ना?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. तरी घरी नेऊन मी त्यालाही पळी दाखवली. त्याला दोन्हीकडून सारखीच दिसली.

हे ओसरीतून सगळं ऐकत होते. जेवताना ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

“म्हणजे मी नव्हतो,” ते म्हणाले.

“काय नव्हता?”

“दात माह्यानं नव्हता झिजत. त्याच्या हातानंही झिजून राहिला. त्याचे डोळे चांगले आहेत न? मंग माहेही चांगलेच असतीन.”

त्या दिवशी त्यांनी थेंब टाकू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हणत होते, ठिपके दिसले नव्हते ते? ते म्हणाले, मशीन खराब असेल. पळी? तू लबाडीनं हळू आणत होतीस. आणि मी भांडत तर होते, पण आतून माझाच पाय घसरला होता. दातावरून मी डोळ्यापर्यंत गेले होते. आता दातच सांगत होता की तसं नाही. मग बाकीचं तरी खरं कशावरून? भाऊ खरंच दिसला नव्हता की यांनी रागानं पाहिलं नाही? मी एकटी असताना या सगळ्याची पुन्हा पुन्हा जुळणी करायचे, आणि दर वेळी वेगळी व्हायची.

बकेट पुन्हा अड्याळच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली. यावेळी हेही आले, मुद्दाम. त्यानं ठोकळ्याकडे न पाहता आधी एक सरळ लोखंडी अँगल घेतला आणि बकेटच्या धारेवर आडवा ठेवला. उजवीकडे अँगल टेकला, मध्ये टेकला, आणि डावीकडे धार खाली उतरत गेली होती. अँगलखालून बोट सहज जात होतं.

“धारच वाकली, वहिनी,” तो म्हणाला. “डावा कोपरा खाली उतरला. जमिनीले पहिले तोच लागते, तोच घासते. कोणीही चालवो.”

“पाह्य,” हे मला म्हणाले.

मी विचारलं, “कधीपासून वाकली?”

त्यानं अँगल काढून बाजूला ठेवला. “ते कसं सांगू? जुनी मशीन आहे, घेतली तवाच असंन. नाहीतर कुठी दगडावर जोरात आपटली असंन. नाहीतर,” तो आपल्याच वेल्डिंगवर बोट ठेवत म्हणाला, “मीच एका बाजूले इतक्या वेळा गरम केली, भर मारली, तवाही ओढली असंन. थंड होता होता लोखंड ओढून वाकते कधी कधी.”

“आपटली असेल तर?” मी म्हणाले. “डावीकडचं दिसलं नाही म्हणून आपटली असेल तर?”

“तसंही असू शकते,” तो म्हणाला. यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

त्यानं धार तापवून लाल केली, खालून जॅक लावला आणि थोडी थोडी वर ढकलली. चारही जुने ठोकळे गॅसनं कापून काढले. नवे बसवायचे तर एका ओळीत यायला हवेत, म्हणून आरपार सुतळी ताणली. हे जवळ जाऊन बसले आणि एकेका ठोकळ्यावर हात ठेवून सुतळीशी ताडून बघायला लागले. डावीकडच्या ठोकळ्यापाशी आले तेव्हा मान पूर्ण वळवून पाहत होते. वेल्डिंगवाल्याच्या, माझ्या आणि यांच्याही लक्षात आलं. वेल्डिंगवाला म्हणाला, “भाऊ, थोडकसं सरका, ठिणगी उडंन,” आणि आपलं काम करत राहिला.

घरी आल्यावर मी ठरवलं की दाताचं नावच काढायचं नाही. म्हटलं, “तुमचं म्हणणं आहे ना मशीन खराब होती? मग पुन्हा तपासू. ठिपके दिसले तर थेंब बंद, किल्ली तुमची.” ते लगेच तयार झाले. नवा शर्ट घालून निघाले. मला वाटतं मीही मनातून तीच आशा धरून होते, नाहीतर बसमध्ये मला इतकं हलकं वाटलं नसतं.

ठिपके आधीइतकेच दिसले. उलट डाव्या डोळ्याचे थोडे आणखी कमी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थेंब चुकले का? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, काही दिवस चुकले.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या डावीकडे. त्यांनी मान पूर्ण वळवून विचारलं, “मंग धार मी वाकवली का नाही?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे दात धारेनं झिजला. धार कदाचित माह्यानं वाकली. नाहीतर नाही. आणि डोळे तं वेगळेच गेले.”

“हो. असंच काहीतरी.”

“असं कसं असते?” ते म्हणाले. मलाही तेच विचारायचं होतं, पण कोणाला?

त्यानंतर दात चारही सारखेच झिजतात. ऑपरेटर टिकून आहे. हे रोज कामावर येतात, सावलीत बसतात, पिना आता तेच तपासतात, हातोडीच्या आवाजावरून सैल आहे की पक्की ते सांगतात. मशीन का सोडली म्हणून कोणी विचारलं तर एकाला सांगतात डोळे गेले, दुसऱ्याला सांगतात कमर दुखते, तिसऱ्याला सांगतात बकेट वाकली होती. मी ऐकते आणि दुरुस्त करत नाही. भावाला मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की त्या दिवशी तू दिसला नव्हतास. भाऊ म्हणाला, मग सांगायचं ना आधी. हे म्हणाले, “मले काय माहीत का तू होता?”

परवा थेंब टाकताना खाटेवर मान मागे करून पडले होते आणि छताकडे बघत म्हणाले, “धार वाकली म्हणून दात पडला. तू म्हणाली डोळ्यानं पडला. चुकलीच होती न तू?”

“चुकलेच होते.”

“मंग मले दवाखान्यात कायले नेलं?”

मी त्यांची हनुवटी वर केली. म्हटलं, “पापणी नका मिटू, थेंब बाहेर जातो,” आणि दुसऱ्या डोळ्यात टाकला.